सात नंबरचा खोका

मागे तालुक्याच्या एका कार्यक्रमात ‘टीम कशी बांधावी’ यावर पाच मुद्दे सांगायला मला बोलावलं होतं. महिला उद्योजक म्हणून शाल दिली, नारळ दिला, माईक दिला. माझ्यापाशी पाच मुद्दे नव्हते. होती ती एक गोष्ट सांगितली, तीही मी केलेल्या चुकीची. समोरच्यांना काही ती पसंत पडली नाही. त्यांनी पुन्हा बोलावलं नाही, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. तीच गोष्ट आता इथे लिहिते. इथे माईक काढून घेणारं कोणी नाही.

मी मूळची खर्डीकडची, शहापूर तालुक्यातली. लग्न होऊन मुरबाड तालुक्यात, धसईच्या अलीकडच्या गावात आले. दोन्हीकडे भातच. भात कापून झालं की जिथे पाणी पोचतं तिथे भेंडी लावतात. ही भेंडी विमानात बसून परदेशात जाते हे मला लग्नानंतर कैक वर्षांनी कळलं. मी स्वतः अजून विमानात बसलेले नाही. मधले लोक शेतावरून माल उचलून नेत आणि निवडून, खोक्यात भरून पुढे पाठवत. निवडायचं काम आपल्याच बायकांनी आपल्याच गावात का करू नये, एवढाच माझा विचार होता. सासऱ्यांच्या खळ्यावर पत्रे टाकले, चार नळ्यांचे दिवे लावले आणि दहा बायका गोळा केल्या. सहा गावातल्या, शेतकरी घरच्या. चौघी गावाबाहेरच्या वाडीवरच्या, ज्यांच्या सात पिढ्यांत कोणाच्या नावावर जमीन नाही. सासूबाई म्हणाल्या, “ह्या दहा तोंडांची मोट तू बांधणार? आपल्या दोघींचं तरी जमतंय का आधी बघ.” त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला.

पहिला माल गेला आणि तसाच्या तसा परत आला. कारण काय, तर निम्म्याहून जास्त भेंडीची टोकं मोडलेली. आमच्याकडची बाई बाजारात भेंडी घेते तेव्हा आधी टोक मोडून बघते. कट्‌ करून मोडलं तर कोवळी, वाकलं तर जून. आईने शिकवलेलं, आईला तिच्या आईने. माझ्या सहाजणींनी सबंध दिवस एकेक भेंडी मोठ्या प्रेमाने मोडून खोक्यात भरली होती. मी कडाडले. मग, बघा कशी निवडायची ते, असं म्हणून खाली बसले, एक भेंडी उचलली आणि बोलता बोलता तिचं टोक मोडलं. जित्याची खोड. सगळ्या इतक्या हसल्या की मलाही हसावं लागलं.

पण चार खोके धड निघाले होते. ते वाडीवरच्या चौघींचे. त्यांना टोक मोडायची खोडच नव्हती, कारण बाजारात उभं राहून निवडून भाजी घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. बाजार उठताना जे उरतं ते त्यांनी आणलं होतं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी हातातली मोडकी भेंडी खाली ठेवली. गावातल्या बायकांच्याही लक्षात आलं असावं.

तोवर शेडमध्ये गावातल्या सहाजणी दाराकडे आणि वाडीवरच्या चौघी भिंतीकडे बसत. चहाचे कपही वेगळ्या खिळ्यांना. मी त्यावर भाषण दिलं नाही. जिला खोड आहे ती जिला नाही तिच्या शेजारी बसेल, एवढंच सांगितलं. गावातली सगळ्यात फटकळ बाई वाडीवरच्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईशेजारी आली. म्हातारीने पहिल्याच दिवशी लुगड्याची चिंधी फाडून फटकळ बाईच्या अंगठ्याला बांधली. चिंधी बांधली की नखाला टोक लागत नाही आणि मोडायची आठवणही होत नाही. तरीही फटकळ बाईचा अंगठा वळवळलाच की म्हातारी तिच्या हातावर चापट मारी. गावातल्या बाईला वाडीवरच्या बाईने चापट मारायची, हे आमच्याकडे त्याआधी झालेलं मी पाहिलं नव्हतं. महिन्याभरात दहाही अंगठ्यांना चिंध्या आल्या आणि कप कधी एका खिळ्याला गेले ते कळलंही नाही.

काम कसं करायचं ते त्यांनीच ठरवलं. मी टेबलं आणली होती, त्यांनी ती भिंतीला लावली आणि जमिनीवर ओळीने बसल्या. शेतात बसतात तशाच. भातकापणीला बायका ओळीने उतरतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला जी पट्टी येते ती तिची पात. पात बांधापर्यंत न्यायची, पण सगळ्यांनी बरोबरच. एखादी मागे पडली की शेजारची आपली पात सांभाळून तिच्या पातीत चार हात मारते. एकटीच पुढे जाऊन बांधावर उभी राहणाऱ्या बाईला आमच्याकडे कोणी हुशार म्हणत नाही. तिला विचारतात, घरी दूध उतू चाललंय का गो? शेडमध्येही तसंच. जिचा खोका भरत आला तिचा हात आपोआप शेजारच्या खोक्यात. संध्याकाळी दहाही खोक्यांच्या थप्प्या सारख्या.

मग साहेब आले. माल घेणाऱ्या कंपनीचे. वयाने माझ्याहून लहान, बोलायला गोड, कधी आवाज चढवला नाही. आल्या आल्या विचारलं, “इथली लीडर कोण?” बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. फटकळ बाईने चहाच्या पातेल्याकडे बोट दाखवलं, कारण सगळ्यांना जागेवरून उठवायची ताकद तेवढ्या एकातच होती. साहेब हसले नाहीत. त्यांनी प्रत्येकीला एकेक नंबर दिला आणि जिने भरला तिच्या नंबराची चिठ्ठी खोक्यावर लावायला सांगितलं. भिंतीवर फळा आला. महिन्याच्या शेवटी जिचे खोके जास्त तिला साडी. म्हातारीला सात नंबर मिळाला, फटकळ बाईला आठ.

महिना संपला. फळ्यावर दहाही आकडे सारखे. साहेबांना वाटलं लबाडी आहे. मी म्हटलं, पात आहे. त्यांना ते कळेना. ती साडी अजून माझ्या कपाटात घडी न मोडता पडली आहे, कोणाला हवी असेल तर सांगा.

पुढच्या खेपेला साहेब दिवसभर खुर्ची टाकून बसले आणि मोबाइलवर एकेकीचा वेळ लावला. शेजारणीच्या खोक्यात हात घालायचा नाही, अशी त्या दिवसापासून अट. संध्याकाळी त्यांनी मला बाजूला घेतलं. सात नंबर फार मागे आहे म्हणाले. ते खरंच होतं. म्हातारीने जन्मभर भट्टीवर विटा थापल्या होत्या आणि तिची बोटं आखडली होती. आता कोणाला वाटेल की म्हातारीच्या बोटांत काही गुण असेल, किडकी भेंडी तिला स्पर्शानेच कळत असेल आणि पुढे तो उपयोगी पडेल. तसलं काही नव्हतं. ती हळू होती, तेवढंच. चिंधीची युक्ती तिची, पण ती एकदा शिकवून झाली होती.

“मॅडम, मन मोठं आहे तुमचं, पण टीम तिच्या सगळ्यात हळू माणसाएवढीच चालते,” साहेब म्हणाले. “सोमवारपासून तिच्या जागी एखादी तरुण मुलगी बसवा. नाहीतर तुमच्याकडे गाडी पाठवणं मला वर पटवून देता येणार नाही.”

मी मान डोलावली. हे लिहिताना आजही माझे कान तापतात. सासूला, नवऱ्याला, भावकीला, सगळ्यांना उलट बोलून मी ते पत्रे उभे केले होते, आणि एका गोड बोलणाऱ्या माणसापुढे माझी मान आपोआप हलली.

म्हातारीला काढणं म्हणजे काय, हे मला पक्कं ठाऊक होतं. दर वर्षी भात संपलं की वाडीवरची घरं कुलूप लावून भिवंडीकडे भट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. शेडचं काम होतं म्हणून त्या वर्षी म्हातारी पहिल्यांदा घरी थांबली होती, आणि ती थांबली म्हणून तिची नात. मुलगा-सून भट्टीवर, नात गावच्या शाळेत. चौथीत होती आणि शाळेचं अख्खं वर्ष सलग तिला पहिल्यांदाच मिळत होतं. शेड सुटली की दोघी भट्टीवर जाणार, यात शंका नव्हती.

तरीही शनिवारी मी तिला म्हटलं, मावशी, थोडे दिवस आराम कर, पुढे कळवते. खोटं बोलायलाही धैर्य लागतं, माझ्यात तेवढंही नव्हतं. मी तिच्याकडे न बघता बोलले. तिने अंगठ्याची चिंधी सोडली, नीट घडी करून जागेवर ठेवली आणि गेली. मजुरीवर जगलेल्या माणसाला “पुढे कळवते” चा अर्थ सांगावा लागत नाही.

सोमवारी मी नवी मुलगी आणली नाही. एवढी लाज शिल्लक होती. नऊजणी आल्या आणि बसल्या. सातवी जागा त्यांनी तशीच ठेवली, सरकून भरून काढली नाही. संध्याकाळी गाडीत माल चढवताना मी चिठ्ठ्या बघत होते. सहा नंबर, आठ नंबर आणि त्यांच्या मधोमध सात नंबरची थप्पी. इतरांच्या एवढीच.

मी विचारलं, ही कोणी भरली? फटकळ बाई चिंधी सोडत म्हणाली, “पात हाय ती तिची. मानूस नाय आलं म्हनून पात का उभी ठेवतात, वैनी?”

शेतात खरंच ठेवत नाहीत. आजारपण असो, बाळंतपण असो, सावडीला आलेल्या बायका न आलेल्या बाईची पातही बांधापर्यंत नेतात. सावड म्हणजे आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या. पैशाचा संबंध नाही, माणसापायी माणूस. मी लहानपणापासून ती बघत आलेले. माझ्या आईच्या शेतात अशा किती सावडींना मी चहा-भाकरी पोचवली होती, आणि माझ्याच शेडमध्ये मला ती ओळखता आली नाही. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. रोज सात नंबरची थप्पी भरत होती आणि मी रोज ती गाडीत चढवत होते.

गुरुवारी दुपारी साहेबांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. “मॅडम, बघा, मी म्हणत नव्हतो? तुमच्या सात नंबरने तीन दिवसांत सगळ्यांना गाठलं. नवीन मुलगी चांगली मिळाली.”

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मला हसू आलं, आणि हसता हसता संताप आला. मी सांगितलं, सात नंबरला कोणीच नाही. जागा रिकामी आहे. बाकीच्या नऊजणी तिचा खोका भरतात.

ते शांतपणे म्हणाले, “म्हणजे नऊजणींत दहाचं काम होतंय. मग दहावी हवीच कशाला?”

ते वाक्य मी कधी विसरणार नाही. त्या माणसाला मी वाईट म्हणत नाही. त्याच्या हिशेबात ते सरळच होतं. ज्या बायकांनी एकीला धरून ठेवायला जीव टाकला, त्यांच्या त्याच जिवावर तिला सोडून द्यायचं. आणि उद्या आठजणी नववीचं भरतील तेव्हा नववीलाही. असं करत करत शेवटी शेडमध्ये साहेबांचा फळा आणि मी, दोघंच उरलो असतो.

मी म्हटलं, “साहेब, उद्या सात नंबर कामावर येणार. हळूच काम करणार. फळा मी आज उतरवतेय. पटत असेल तर गाडी पाठवा, नसेल तर नका पाठवू.” ते काहीतरी बोलत होते, मी फोन ठेवला. घाबरले होते हेही सांगून टाकते. गाडी आली नाही तर नऊजणींना काय सांगणार होते, देव जाणे. पण फळा उतरवला. मागे भिंतीवर पांढरा चौकोन राहिला, तो अजून आहे.

तशीच वाडीवर गेले. म्हातारीच्या दाराशी दोन बोचकी बांधून ठेवलेली. नात दप्तर पोटाशी धरून उंबऱ्यावर बसली होती. दुसऱ्या दिवशी मुकादमाचा टेंपो येणार होता, उरलेल्यांना भट्टीवर न्यायला. मी आणखी एक दिवस थांबले असते तर खेळ खलास होता.

मी म्हटलं, मावशी, चुकले. कामावर चल. म्हातारी चुलीतली लाकडं मागे ओढत राहिली. टेंपोवाल्याला शब्द दिलाय म्हणाली. मी साहेबाचं सांगितलं, फळ्याचं सांगितलं, हातापाया पडायचीच बाकी राहिले. ती ढिम्म हलेना. राग नव्हता तिला. मालक ठेवतात, मालक काढतात, त्यात राग कसला धरायचा, असा तिचा चेहरा. तो राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मग उठता उठता, आता काही उपयोग नाही असं समजूनच, मी म्हणाले की तुझा खोका मात्र रोज भरतोय.

म्हातारीचा हात थांबला. “कोन भरतंय?”

“सगळ्याजणी. तुझी पात आहे म्हणतात.”

तिने हातातलं लाकूड खाली ठेवलं. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, “या गावात अशी येक पात नाय गो बाय, जिला माजा हात लागला नाय. पन जमीनच नाय तर माज्याकडं सावडीला कोन येनार? माज्या नावानं कंदी कोन आला नाय.” आणि थोड्या वेळाने, माझ्याशी नव्हे, नातीशी बोलली, “बोचकी सोड. मला जावा लागंल. सावड चढली माज्यावर.”

माझ्या एवढ्या विनवणीने ती आली नाही. सावड फेडायला आली. हे मला चांगलंच लागलं आणि लागायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी हजर. पण आपल्या जागेवर बसलीच नाही. फटकळ बाईच्या बाजूला बसली आणि दिवसभर आठ नंबरचा खोका भरला. त्या पुढच्या दिवशी सहा नंबरचा. एकीचा एक दिवस, अशा नऊजणींच्या नऊ सावडी तिने तिच्या आखडलेल्या बोटांनी फेडल्या. बायकांनी नको म्हटलं नाही. नको म्हणणं हा तिचा अपमान झाला असता, हे त्यांना मला समजावून सांगावं लागलं नाही, एवढं तरी मी तोवर शिकले होते.

साहेबांची गाडी पहिले चार दिवस आली नाही. माल आम्ही पिकअपमध्ये घालून कल्याणच्या बाजारात मिळेल तसा विकला आणि मी घरात कोणाला तोंड दाखवेना. पाचव्या दिवशी गाडी आली. साहेबांचा विचार बदलला असं मी म्हणणार नाही. धड टोकाची भेंडी त्यांनाही दुसरीकडे मिळाली नसावी. खोक्यांवर आता चिठ्ठ्या नव्हत्या. त्यावर ते अजून कुरकुरतात. कुरकुरू देत.

नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी म्हातारी आपल्या जागेवर बसली आणि चिंधी बांधू लागली. माझ्या मनात काहीतरी खुपत होतं. मी जवळ जाऊन अर्धं हसत विचारलं, “सगळ्यांची फिटली, मावशी. माझी?”

तिने वर पाहिलं. बोलण्यात कुचकेपणा नव्हता, म्हणूनच ते आत गेलं. “तुजी कसली गो? तू कंदी पातीला बसलीस?”

इतके महिने मी त्या शेडमध्ये उभी होते. मोजत होते, ओरडत होते, फोन घेत होते, आणि त्यालाच माणसं सांभाळणं म्हणत होते. त्या दिवशी अकरावी जागा झाली. सात नंबरच्या लगत उजवीकडे, बाकीच्यांनी सरकून करून दिलेली. सकाळची फोनाफोनी आटोपली की मी अंगठ्याला चिंधी बांधून तिथे बसते.

कार्यक्रमात हे सांगितल्यावर एकाने उठून विचारलं होतं, मालकीणच खाली बसली तर लक्ष कोण ठेवणार? मी म्हटलं, कोणावर? त्यांना ते उद्धट वाटलं. असेल. मला आणखी पाच मुद्दे सुचले तरी मी ते सांगणार नाही.

मी भेंडी निवडण्यात फार मंद आहे, हे सांगून टाकते. बोटांना सवय नाही, फोन वाजला की निम्म्यातून उठते, आणि अजून महिन्यातून एखादं तरी टोक माझ्या हातून मोडतंच. संध्याकाळी सगळ्यांचे खोके भरत येतात तेव्हा माझा अर्धा असतो. मग डावीकडून, माझ्याकडे न बघता, दोन आखडलेली बोटं पुढे येतात आणि माझ्या खोक्यात मूठभर भेंडी टाकतात.